स्पेक्ट्रमचं मेम्ब्रेन: नवीन टाकलं तरी पाच बटणं मुकीच

पार्श्वभूमी

सांगलीचे एक काका आहेत, नाव राहू दे. साखर कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते, आता रिटायर. १९८४ साली त्यांचा मेव्हणा बर्मिंगहॅमहून सुट्टीवर आला तेव्हा त्याने बॅगेतून झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती कॉम्प्युटर आणला होता, ४८के मेमरीवाला, काळा डबा, निळसर राखाडी रबराची बटणं, उजव्या कोपऱ्यात रंगीत तिरपे पट्टे. काकांनी त्यावर बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकली, वायंडिंगची गणितं करायचे छोटे प्रोग्रॅम लिहिले, ते कॅसेटवर ठेवले, आणि मग नव्वदच्या आसपास ते सगळं माळ्यावर गेलं. गेल्या वर्षी घराला रंग काढताना डबा खाली आला आणि काकांनी मला फोन केला, कारण त्यांच्या पुतण्याकडून त्यांना कळलं होतं की पुण्यात एकजण असली जुनी मशीनं उघडत बसतो. तो एकजण मी. माझी नोकरी वेगळीच आहे, हे सगळं शनिवार-रविवारचं.

स्पेक्ट्रमबद्दल दोन ओळी, ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी. २३ एप्रिल १९८२ ला इंग्लंडमध्ये सिंक्लेअर रिसर्चने तो आणला, १६के १२५ पौंडाला आणि ४८के १७५ पौंडाला, त्या काळच्या मानाने फारच स्वस्त. स्वस्त ठेवायचा म्हणजे कुठेतरी हात आखडता घ्यावा लागतो, तो घेतला कीबोर्डात. बऱ्याच मशीनमध्ये प्रत्येक बटणाला वेगळा स्विच, वेगळी स्प्रिंग, आणि इथे रिक डिकिन्सनने डिझाईन केलेल्या त्या डब्यात एक रबराची चटई, खाली एक प्लास्टिकचा पापुद्रा (हेच ते मेम्ब्रेन), वरून एक पातळ धातूची प्लेट, संपलं. आयडिया भारीच होती, वाद नाही. पण तो पापुद्रा चाळीस वर्षं टिकावा असं त्यांनी काही ठरवलं नव्हतं.

मशीन टेबलावर आलं तेव्हा

काकांची तक्रार साधी होती. ‘चालू होतं, खाली १९८२ सिंक्लेअर रिसर्च लिहून येतं, पण बटणं दाबली तर निम्मी चालत नाहीत.’ मी विचारलं कुठली निम्मी, तर म्हणाले कधी ही कधी ती. एसटीच्या पार्सलने मशीन आलं, सोबत मूळ अडॅप्टर. (हा अडॅप्टर ९ व्होल्टचा पण आतली पिन निगेटिव्ह असलेला असतो, घरात पडलेला दुसरा कुठलाही ९ व्होल्टचा अडॅप्टर त्यात खुपसू नका, आजकालचे बहुतेक उलटे असतात आणि मग कीबोर्डाची चिंता करायची गरजच उरत नाही.)

खालचे पाच स्क्रू काढले, वरचं झाकण हळूच उचललं. झाकण आणि बोर्ड यांच्यामध्ये दोन रिबन असतात, मी त्यांना शेपट्या म्हणतो, एक पाच ट्रॅकची आणि एक आठ ट्रॅकची. दोन्ही मेम्ब्रेनचाच भाग, वेगळी वायर नाही, त्याच प्लास्टिकची जीभ बाहेर काढून बोर्डावरच्या सॉकेटमध्ये खोचलेली. पाचवाली शेपटी मी सरळ वर ओढली आणि ती भाजलेल्या पापडासारखी कडकन मोडली, सॉकेटच्या तोंडापाशीच. तुकडा सॉकेटात अडकून राहिला, तो चिमट्याने काढला.

म्हणजे आता निम्मी सोडा, एकही बटण चालणार नव्हतं. काकांना फोन करून सांगितलं, ते म्हणाले ‘मोडायचंच होतं, तुझ्या हातून मोडलं इतकंच.’ हे मनाचा मोठेपणा म्हणून सोडून देऊ, पण खरंही आहे, त्या शेपटीवर आधीच आडव्या भेगा होत्या आणि म्हणूनच कधी ही कधी ती बटणं जात होती.

हे मेम्ब्रेन म्हणजे नेमकं काय

हे कळलं नाही तर पुढचं काहीच कळणार नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. तीन थर असतात. वरच्या आणि खालच्या प्लास्टिकवर चंदेरी ट्रॅक छापलेले, मध्ये भोकं असलेला तिसरा थर, जो त्या दोघांना एकमेकांपासून लांब ठेवतो. बटण दाबलं की भोकातून वरचा ट्रॅक खालच्याला टेकतो. एवढंच.

बटणं ४०, पण ४० वायर नाहीत. आठ ओळी आणि पाच स्तंभ, आठ पंचे चाळीस. आठवाली शेपटी प्रोसेसरच्या ए-८ ते ए-१५ या ॲड्रेस लाइनला जाते, मध्ये प्रत्येकीला एक डायोड. पाचवाली शेपटी डी-० ते डी-४ या डेटा लाइनला, तिथे लाइन एरवी वर धरून ठेवणारे १० किलोओहमचे पुल-अप रेझिस्टर आणि पुढे यूएलए नावाची चिप. सेकंदाला ५० वेळा मशीन एकेका ओळीला शून्य करून बघतं की पाचपैकी कुठली डेटा लाइन खाली आली.

आता गंमत बघा. एक ‘ओळ’ म्हणजे कीबोर्डची आडवी अख्खी रांग नाही, अर्धी रांग. १ ते ५ एक ओळ, ६ ते ० दुसरी, क्यू ते टी एक, वाय ते पी दुसरी, असं. आणि अर्ध्या रांगेतली मोजणी बाहेरच्या कडेकडून आतल्या बाजूला होते. म्हणून डी-० वर दोन्ही टोकाची बटणं येतात, म्हणजे १, क्यू, ए, कॅप्स शिफ्ट आणि तिकडे ०, पी, एंटर, स्पेस. आणि डी-४ वर कीबोर्डच्या मधोमधची, ५, टी, जी, व्ही आणि ६, वाय, एच, बी.

याचा फायदा असा की नुसतं कुठली बटणं मेली आहेत ते कागदावर रंगवलं तरी दोष कुठे आहे ते अर्धं कळतं. शेजारशेजारची पाच मेली तर आठवाली शेपटी किंवा तिकडचा डायोड. आठ मेली आणि ती उभ्या पट्ट्यात किंवा दोन्ही कडांना, तर पाचवाली शेपटी. एखादंच बटण मेलं तर त्याच्याच भोकात कचरा किंवा ट्रॅक तिथेच तुटलाय. मी हे सगळ्यात आधी करायला हवं होतं आणि केलं नाही, त्याबद्दल पुढे.

पर्याय काय होते

शेपटी मोडलेलं मेम्ब्रेन काही लोक वाचवतात, मोडलेला भाग सरळ कापायचा आणि उरलेली शेपटी परत खोचायची. मी मोजून बघितलं, शेपटीत तेवढी ढील होती खरी, पण प्लास्टिक इतकं ठिसूळ झालं होतं की झाकण बंद करताना वाकलं की परत मोडणार, आज ना उद्या. सोल्डरिंगचा तर प्रश्नच नाही, ते प्लास्टिक पाघळतं. दुसरा विचार असा की जुनं मेम्ब्रेन बाजूला ठेवून बाहेरून दुसरा कीबोर्ड जोडायचा. काकांनी तो लगेच उडवून लावला, ‘मला ती रबराची बटणंच पाहिजेत, नाहीतर कॉम्प्युटर आहेच की घरात.’

राहिलं नवीन मेम्ब्रेन. ही आजही नव्याने बनतात, इंग्लंडात सहज मिळतात, फार महागही नाहीत. इथे एक चूक होता होता राहिली. काकांच्या डोक्यात होतं की स्पेक्ट्रम प्लसचं मेम्ब्रेनपण चालेल, कारण आपल्याकडे ऐंशीच्या दशकात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सचा डीबी स्पेक्ट्रम प्लस विकला जायचा आणि त्यांच्या एका मित्राकडे त्याचे सुटे भाग पडलेले होते. पण प्लसला कडक प्लास्टिकची ५८ बटणं असतात आणि त्याचं मेम्ब्रेन वेगळंच असतं, जास्त थरांचं. बोर्ड आतून तोच असला तरी हे त्यात बसत नाही. ऑर्डर करताना ‘रबर की ४८के’ हे शब्द बघूनच घ्या.

काकांची पुतणी रेडिंगला असते, ती महिनाभरात येणार होती, तिनेच घेऊन यायचं ठरलं. पोस्टाने मागवणं हा पर्यायही होता, पण ओळखीचं माणूस येतंय तर कशाला, असा आपला नेहमीचा विचार.

पहिलं मेम्ब्रेन

आलं. सुंदर, पारदर्शक, चकचकीत. फक्त पुतणीने ते पाकीट बॅगेत साड्यांच्या मध्ये ठेवलं होतं, पाकिटात मावावं म्हणून दुकानदाराने असेल किंवा तिने असेल, आठवाली शेपटी मुळाशी मागे दुमडलेली होती. घडी चांगली नखाने दाबल्यासारखी. तिला काय सांगणार, एवढं लांबून आणलं बिचारीने.

हा पहिला खरा निर्णयाचा क्षण होता आणि मी तो नीट घेतला नाही. मी काय केलं, शेपटी सरळ केली, जाड पुस्तकाखाली रात्रभर ठेवली, सकाळी घडी जवळजवळ दिसेना. मल्टिमीटर घेतला, बझरवर ठेवला, एक प्रोब पाचच्या शेपटीवर, एक आठच्या, बटणाच्या जागी बोटाने दाबलं, बझर वाजलाच नाही. दुसरं बटण, नाही. एकही नाही. मला वाटलं अख्खं मेम्ब्रेनच खराब, मग सुचलं की बझर साधारण तीस-चाळीस ओहमच्या खालीच वाजतो आणि या छापील ट्रॅकचा रेझिस्टन्स त्यापेक्षा जास्त असतो. ओहमच्या रेंजवर टाकलं तर प्रत्येक ठिकाणी शंभर-दीडशेच्या आसपास दिसलं, म्हणजे ठीक. (प्रोबचं टोक ट्रॅकवर खुपसू नका, आडवं टेकवा, ते चंदेरी छपाई खरवडून निघते.)

ठीक दिसलं म्हणून मी पुढे गेलो. चाळीसपैकी बारा-पंधरा बटणंच तपासली होती. आणि तीही शेपटी टेबलावर सपाट असताना. झाकणात ती वाकते हे डोक्यातच आलं नाही.

मग वरची प्लेट काढायची. ती पातळ असते आणि चिकटवलेली असते, घाई केली की कायमची वाकते. बहिणीचा हेअर ड्रायर आणला, कडेने गरम करत करत जुन्या एटीएम कार्डाने एकेक सेंटीमीटर सोडवत गेलो, वीस-पंचवीस मिनिटं लागली. तरी उजवा खालचा कोपरा किंचित उचललाच, नीट बघितलं तर आजही दिसतो. जुनं मेम्ब्रेन काढलं, नवीन ठेवलं, रबराची चटई आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) नाही, नुसत्या साबणाच्या पाण्याने धुवून सुकवून ठेवली, प्लेट नवीन डबल टेपने चिकटवून दाबून टाकली. पूर्ण चारी बाजूंनी. चालू करून बघायच्या आधी. इथे हसा हवं तर.

मधला उभा पट्टा

चालू केलं, मेसेज आला, जे दाबलं तर लोड उमटलं. स्पेक्ट्रमवर प्रत्येक अक्षराच्या बटणाला एक अख्खा बेसिकचा शब्द असतो, ओळीच्या सुरुवातीला पी दाबलं की प्रिंट, जे दाबलं की लोड, म्हणून तपासायला सोपं जातं. एकेक दाबत गेलो. बी नाही, जी नाही, टी नाही, ५ नाही. एच, वाय, ६, व्ही पण नाही.

आता वर सांगितलेलं आठवा. मधोमध उभा पट्टा, म्हणजे डी-४, म्हणजे पाचच्या शेपटीचा एक कडेचा ट्रॅक. यूएलए गेली असं आधी वाटलं, कारण यूएलए गेली हे वाक्य या मशीनच्या बाबतीत सगळ्यांच्या तोंडावर असतं आणि ती चिप सहज मिळत नाही म्हणून भीती जास्त. पण घाबरून काही उपयोग नाही, आधी बोर्ड आणि मेम्ब्रेन वेगळं करून बघायचं.

त्याची युक्ती सोपी आहे. दोन्ही शेपट्या काढायच्या, मशीन चालू करायचं, आणि छोट्या इन्शुलेटेड वायरने पाचच्या सॉकेटची एक पिन आणि आठच्या सॉकेटची एक पिन क्षणभर जोडायची. म्हणजे आपणच बटण दाबलं. पाच गुणिले आठ, चाळीस जोड्या, हात स्थिर ठेवायचा आणि शेजारच्या भागाला वायर लागू द्यायची नाही. मी डी-४ ची पिन धरली आणि आठही ओळींना लावत गेलो, आठही वेळा स्क्रीनवर काहीतरी उमटलं. बोर्ड एकदम ठणठणीत. यूएलए निर्दोष.

मग सॉकेट. चाळीस वर्षं तिथे एक जाड, कडक झालेली शेपटी बसलेली होती, आतल्या पितळी पात्या त्या जाडीला सरावलेल्या, आणि नवीन शेपटी पातळ. कडेची पाती तिला घट्ट धरतच नव्हती. सॉकेट आयपीएने धुतलं, आणि शेपटीच्या टोकाला मागून, म्हणजे ट्रॅक नसलेल्या बाजूने, साध्या प्लास्टिक टेपचे दोन पट्टे लावले. परत खोचली, दोन्ही अंगठ्यांनी टोकाजवळ धरून सरळ खाली, डोलवत नाही. आठही बटणं आली.

काकांना व्हिडिओ पाठवला. ‘आणतो का मग रविवारी?’ मी म्हटलं आणतो.

वाय यू आय ओ पी

शनिवारी रात्री झाकण स्क्रूने बंद केलं आणि सहज म्हणून परत चालू केलं तर पी चालेना. ओ पण नाही. यू कधी चालतंय कधी नाही. झाकण उघडलं तर सगळी चालू. बंद केलं की गेली.

पाच बटणं, शेजारशेजारची, वाय ते पी, एकच अर्धी ओळ, ए-१३. आठची शेपटी. आणि आठच्या शेपटीवर कुठे काय होतं हे मला चांगलंच माहीत होतं.

तरी खात्री करायची म्हणून, शेपटी बोटाने एका बाजूला धरली की पी चालायचं, तशीच धरून डाव्या हाताने चार शब्दांचा प्रोग्रॅम टाइप केला, जो पोर्ट ५७३४२, म्हणजे हीच ए-१३ वाली ओळ, वाचून आकडा स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात दाखवत राहतो. मजा म्हणजे त्यासाठी लागणारे ॲट आणि इन हे दोन्ही शब्द आय या बटणावरच आहेत, म्हणजे ज्या ओळीचा आजार तिचीच मदत घ्यायची. काही दाबलं नाही तर या मशीनवर १९१ दिसायला हवं, पी दाबलं तर १९०, वाय दाबलं तर १७५. पी दाबून ठेवलं आणि शेपटी हळूहळू बंद झाकणात असते तशी वाकवली. १९०, १९०, १९१, १९०, १९१, १९१. त्याच वाकवलेल्या अवस्थेत शेपटी काढून मीटर लावला तर जिथे आधी दीडशे ओहम होते तिथे नऊ किलोओहम, आणि तेही स्थिर नाही. पुल-अपच १० किलोओहमचा, मग लाइन खाली येणार कशी.

त्या ओळीचा डायोडही तपासला, ०.६ व्होल्ट दाखवला, चांगला. घडीच गुन्हेगार. दिसत नव्हती म्हणून नव्हतीच असं मी धरलं होतं.

दुसरा निर्णय

रविवारी सांगलीला गेलो नाही. दोन मार्ग होते. गाडीच्या मागच्या काचेचा डिफॉगर दुरुस्त करायचं कंडक्टिव्ह पेंट ॲक्सेसरीच्या दुकानात मिळतं, ते घडीवर त्या एका ट्रॅकवर लावायचं. किंवा दुसरं मेम्ब्रेन मागवायचं. तिसरा म्हणजे घडीच्या पुढून शेपटी कापणं, पण घडी अगदी मुळाशी होती, त्यापुढे काही उरतच नव्हतं.

मी पेंट लावलं. कारण ते हाताशी होतं, आणि काकांना ‘झालं’ म्हणून सांगून बसलो होतो, खरं कारण हेच दुसरं. दातकोरणीच्या टोकाने, भिंगातून बघत, बाजूच्या ट्रॅकला लागू नये म्हणून दोन्हीकडे टेप लावून. सुकल्यावर दोनशे ओहम. झाकण बंद केलं, चालू. दोन दिवस रोज तपासलं, चालू. तिसऱ्या दिवशी पी गेलं. पेंट कडक असतं, प्लास्टिक वाकतं, पेंट वाकत नाही, त्याला भेग पडणारच. सपाट राहणाऱ्या भागावर हा उपाय चालतो, वाकणाऱ्या शेपटीवर नाही, हे आता कळलं.

तेव्हा काकांना सगळं खरं सांगितलं, घडीपासून. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘अरे, मोटरच्या केबलला एकदा किंक पडली की आम्ही ती सरळ करून वापरत नव्हतो. कापून टाकायचो.’ एवढंच. त्यांनी आयुष्यभर जे केलं ते मला फोनवर एका वाक्यात सांगितलं, आणि आधी विचारलं असतं तर पंधरा दिवस वाचले असते. पुतणीला कळू द्यायचं नाही असं आमचं ठरलं, नाहीतर तिला उगाच वाईट वाटलं असतं.

दुसरं मेम्ब्रेन

या वेळी पोस्टाने मागवलं आणि विक्रेत्याला लिहिलं की दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये सपाट पाठव, शेपट्या दुमडू नकोस, मोठं पाकीट लागलं तरी चालेल, जास्तीचे पैसे देतो. सपाट आलं.

आणि या वेळी क्रम उलटा. आधी ४० च्या ४० जागा मीटरवर, आधी सपाट आणि मग शेपटी बोटाभोवती सैल वळवून परत एकदा, आकडे वहीत. सगळ्यात कमी ९०, सगळ्यात जास्त १८०. मग प्लेट न चिकटवता, चटई नुसती वर ठेवून, शेपट्या खोचून (दोन्हींच्या टोकाला मागून टेप आधीच लावलेली) मशीन चालू करून एकेक बटण. सगळी आली. मग झाकण हाताने दाबून धरून परत सगळी. आली. तेव्हाच प्लेट ठेवली, आणि तीही चारी बाजूंनी नाही, फक्त चार कोपऱ्यांना पातळ टेपचे छोटे तुकडे.

नशीब तसं केलं. चालू करताच मेसेज दिसतोय न दिसतोय तोच खालच्या ओळीत आपोआप प्लॉट. मग क्यू, क्यू, क्यू. मी हातही लावला नव्हता. प्लॉट म्हणजे क्यू. टॉर्च आडवा धरून बघितलं तर क्यूचं रबरी बटण बाकीच्यांपेक्षा केसभर खाली, चटई डावीकडे जराशी सरकली होती आणि क्यूची कड प्लेटच्या भोकाच्या काठाखाली अडकून दाबली गेली होती. प्लेट उचलली, चटई सरळ केली, परत ठेवली, दोन मिनिटांचं काम. पूर्ण चिकटवली असती तर परत ड्रायर, परत एटीएम कार्ड, आणि तो कोपरा या वेळी नक्की गेला असता.

पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यात आधी, जुनं मेम्ब्रेन काढायच्याही आधी, कुठली बटणं मेली त्याचा नकाशा कागदावर काढीन. काकांचं ‘कधी ही कधी ती’ मी तसंच सोडून दिलं, तिथेच दहा मिनिटं बसून नकाशा काढला असता तर शेपट्या ठिसूळ आहेत हे उघडायच्या आधी कळलं असतं आणि ओढायच्या आधी जरा ऊब दिली असती. मोडायची ती मोडलीच असती बहुतेक, पण सॉकेटात तुकडा अडकला नसता.

वायरची युक्ती पहिल्याच दिवशी करीन, नवीन मेम्ब्रेन यायची वाट न बघता. महिनाभर मशीन माझ्याकडे नुसतं पडून होतं आणि बोर्ड चांगला आहे की नाही हे मला माहीतच नव्हतं. उद्या डायोड किंवा यूएलए गेलेली निघाली असती तर मेम्ब्रेनचा सगळा खटाटोप कशासाठी केला असं झालं असतं.

दुमडलेलं मेम्ब्रेन परत वापरणार का? खरं सांगायचं तर सुटं बटण तपासायला, किंवा ज्याला फक्त एक दिवस मशीन दाखवायचंय त्याच्यासाठी, वापरीन. कोणाला कायमचं द्यायचं असेल तर नाही. आणि दोन मेम्ब्रेन एकदमच मागवीन, एक कपाटात सपाट ठेवून देईन, पाठवणीचा खर्च एकाचा काय आणि दोघांचा काय.

टेपचा पट्टा मात्र जरा जपून. दोन थर लावले ते या सॉकेटला जमले. चार लावून जोर केला तर पात्या पसरतील आणि मग उलटंच होईल, पुढची कुठलीच शेपटी ती घट्ट धरणार नाही.

आत्ता कुठे आहे

मशीन सांगलीला परत गेलं, मी स्वतः घेऊन गेलो. काकांनी टीव्हीला जोडलं, चष्मा वर केला आणि एका बोटाने बॉर्डर २ टाइप करून एंटर मारलं. कडा लाल झाली. मग ३, मग ४. सातपर्यंत गेले.

कॅप्स शिफ्ट जरा जोरात दाबावं लागतं अजून, ते रबर कडक झालंय, मेम्ब्रेनचा दोष नाही. कॅसेट अजून लोड झालेली नाही, ते वेगळंच प्रकरण आहे आणि त्यात बहुतेक टेपरेकॉर्डरचा बेल्ट गेलाय.

प्लेट अजूनही फक्त चार कोपऱ्यांवरच आहे. पावसाळा एक जाऊ दे, दमट हवेत काही होतंय का बघू, मग चारी बाजूंनी चिकटवू असं मी म्हटलंय. काका दर पंधरा दिवसांनी फोन करतात, ‘चिकटवायची का रे आता?’ मी विचारतो क्यू बघितलंत का. ते म्हणतात बघितलं, वरच आहे.